रशीदभाईंचा कच्चा टाका

हा मजकूर छापायला देण्याआधी मी कौसल्याबाईंना वाचून दाखवला. कौसल्याबाई आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. स्वयंपाकाच्या खोलीत तांदूळ निवडता निवडता त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. एक जागा काढायला सांगितली, ती काढली. नावं बदला म्हणाल्या, ती बदलली. कौसल्याबाई हे त्यांचं खरं नाव नाही. "रशीदभाईचं मात्र राहू द्या," त्या म्हणाल्या, "त्या मानसानं लपवाचं काई केलं नाई."

लिहिलेलं असं आधी ऐकवायचं असतं, हे मला रशीदभाईंनीच सांगितलं होतं. सांगितलं तेव्हा मी मान डोलावली आणि केलं माझंच. पालथ्या घड्यावर पाणी.

मूल या तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागे एक पंक्चरवाला आणि एक पानठेला यांच्या मधोमध त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. शाळांची हजेरीपुस्तकं, ग्रामपंचायतींची रजिस्टरं, कुणाचं कुराण, कुणाची पोथी, सगळं एकाच फळीवर. माणूस अंगानं काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोटांना कायम खळ लागलेली आणि गालात खर्रा. खर्रा म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखूचा घोटा. रशीदभाईंचा दिवस त्यावरच चालायचा.

शिवायला येईल ते आधी वाचायचं, ही त्यांची खोड. एकदा मी विचारलं, हजेरीपुस्तकात काय वाचता? "कोनतं पोट्टं कोनत्या महिन्यात गैरहाजर होतं, ते बी गोष्टच आहे ना जी," म्हणाले. धानाच्या कापणीत कोणाची बाकं रिकामी होतात आणि मोहफुलं वेचायच्या दिवसांत कोणाची, हे त्यांना आम्हा मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी मूळचा वरोऱ्याचा, कापूस-सोयाबीनच्या मुलखातला. बदली होऊन मूलजवळच्या गावात, म्हणजे धानाच्या मुलखात आलो आणि वर्षभरात इथल्या माणसांवर नऊ कथा लिहून मोकळा झालो. एका स्पर्धेला बांधीव प्रत हवी होती, म्हणून गठ्ठा रशीदभाईंकडे टाकला. आठ दिवसांनी गेलो तर गठ्ठा तसाच सुटा. फक्त पानांतून मधूनमधून दोरे लोंबत होते, काही पांढरे, काही लाल.

"शिवलं नाही?"

"शिवाचं कसं? अजून हालून राह्यलं ते."

"आणि हे दोरे?"

"पांढरा आहे तिथी मन उठलं. लाल आहे तिथी खोटं वाटलं."

पेन्सिलीनं खूण का नाही केली, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्याच्या कागदावर लिहायचं नाही, हे बापानं शिकवलंय. त्यांचे वडीलही हेच काम करायचे. कचेरीच्या दप्तरावर बाइंडरच्या हातचा एक ठिपका पडला तरी पोटावर पाय यायचा. म्हणून दोरे.

पहिला लाल दोरा रोवण्याच्या कथेत होता. रोवणा म्हणजे धानाची लावणी. माझ्या कथेत बायका गुडघाभर चिखलात गाणी म्हणत रोवणा करत पुढे पुढे चालल्या होत्या.

"रोवनारी बाई मागं सरकते, गुरुजी. पुढं चालन तं आपलंच रोवलेलं तुडवन ना."

पानठेल्यावरचे दोघे हसले. मी गठ्ठा उचलला आणि तरातरा निघालो. रजिस्टरं शिवणारा माणूस मला कथा शिकवणार! पण आषाढात एका बांधावर मुद्दाम जाऊन उभा राहिलो. वीसेक बायका होत्या. सगळ्या मागे सरकत होत्या. मी मुकाट्यानं मूलची बस धरली.

तेव्हापासून चौदा वर्षं माझी प्रत्येक ओळ आधी त्या दुकानात गेली. कौतुक हा शब्द त्या घरात नव्हता. "तिसऱ्या प्रकरणात मी दोनदा खर्रा घोटून आणला" ही नापसंती, आणि "खर्रा आठवला नाई" ही पसंती. निसर्गवर्णन आलं की पांढरा दोरा ठरलेला. "झाड आहे, समजलं. पुढं चला." प्रेमाचा प्रसंग आला की पान उलटं धरून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, हे घरी वाचतो. घरी काय वाचायचे देव जाणे, त्या पानांवर कधीच दोरा आला नाही. काम वेळेवर मिळालं असं एकदाही झालं नाही. मी चिडलो की म्हणायचे, "मीठ कमी आहे हे घरच्यानं सांगतलेलं बरं. पाव्हन्यानं सांगतलं तं इज्जत जाते."

एक निवृत्त साहेब आत्मचरित्र घेऊन आले होते. मखमली पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरं हवी होती. पंधरा दिवसांनी आले तर गठ्ठ्याला पांढऱ्या दोऱ्यांची झालर, आणि त्यात एकच लाल. साहेबांचा आवाज स्टँडपर्यंत गेला. रशीदभाईंनी शांतपणे लाल दोऱ्याचं पान काढलं.

"साहेब, बदलीच्या हुकमावर चार पानं आहेत. बाईसाहेब गेल्या, ते दीड ओळीत."

साहेब गठ्ठा घेऊन गेले. वाटलं, गिऱ्हाईक गेलं. दोन महिन्यांनी परत आले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि नवी अकरा पानं स्वतः वाचून दाखवायला लागले. तिसऱ्या पानावर ते एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लागले. रशीदभाईंनी कागद त्यांच्या हातून घेतले, उरलेली पानं मोठ्यानं वाचली आणि त्या संध्याकाळी तो गठ्ठा पक्का शिवला. मी तिथेच होतो. मखमल काही त्यांनी लावली नाही.

पक्कं शिवणं आणि कच्चं शिवणं यांत त्यांच्या लेखी फार अंतर होतं. कच्चा टाका म्हणजे एकच लांब दोरा. टोक ओढलं की सर्रकन निघतो, पानं मोकळी. पक्क्याला दोरी, खळ, कापड, पुठ्ठा. "कच्चा माफ करते," ते म्हणायचे. "पक्का उसवाले कागद फाडा लागते."

आता कौसल्याबाईंकडे येतो. टाळता येत नाही.

मोहाच्या दिवसांत पहाटे बायका फुलं वेचायला जंगलात जातात. कौसल्याबाई आणि त्यांची धाकटी जाऊ मंदा अशाच गेल्या होत्या. मंदाला वाघानं मारलं. मागं राहिली तिची सहा वर्षांची लेक पल्लवी. कौसल्याबाईंनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. ती त्यांना मोठ्याई म्हणायची. गावाला कौसल्याबाईंनी सांगितलं होतं की काही आवाजच आला नाही, मागं वळून पाहिलं तर मंदा नव्हती.

काही वर्षांनी एका दुपारी, शाळेची भांडी घासून झाल्यावर, त्यांनी मला खरं सांगितलं. मंदानं हाक मारली होती. दोनदा. पहिली किंचाळून. दुसरी अगदी हळू, "बाई" म्हणून, चुलीपाशी बसून मीठ मागावं तशी. त्यांनी ऐकली आणि त्या पळाल्या. बांधापर्यंत पळाल्या, तिथे पाय थांबले आणि एकट्याच परत फिरल्या. डब्यावर दगड बडवत गेल्या. वाघ हटला. मंदाचा श्वास चालू होता. कॅनमधलं पाणी त्यांनी तिला पाजलं, आणि मंदा त्यांच्या मांडीवर गेली. मग नाल्यात लुगडं धुतलं आणि गावात जाऊन सांगितलं, आवाजच आला नाही. मरताना मी जवळ होते म्हटलं असतं, तर आधी कुठे होतीस असं लोकांनी विचारलं असतं.

"कोनाजवळ तरी ठेवाचं होतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "तुमाजवळ ठेवलं."

ठेवलं म्हणाल्या. आणि मी दोन वर्षांत त्याची कादंबरी केली.

तोवर रशीदभाईंच्या खर्ऱ्यानं आपलं काम सुरू केलं होतं. तोंडात दोन बोटं जाईनाशी झाली होती. भाकरी दुधात कुस्करून खायचे. डॉक्टरकडे जा म्हटलं की, "बाइंडिंग घट्ट झाली, दुसरं काई नाई," असं म्हणून उडवून लावायचे. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण मला माझ्या कादंबरीची घाई होती. हेही लिहून ठेवतो.

कादंबरीचा गठ्ठा त्यांच्याकडे टाकला आणि महिन्यानं गेलो. अडीचशे पानांच्या गठ्ठ्यात एकही दोरा नव्हता. ना पांढरा, ना लाल. मला आकाश ठेंगणं झालं. फक्त कौसल्याबाई परत फिरतात त्या पानाच्या कडेला खळीच्या बोटाचा डाग होता. आयुष्यात दुसऱ्याच्या कागदावर डाग न पाडणाऱ्या माणसानं ते पान किती वेळ धरलं असेल? गठ्ठा मात्र कच्च्या टाक्यानंच शिवला होता.

"पक्कं का नाही?"

"ह्या बाईले वाचून दाखवलं?" शब्द दातांतून कसेबसे निघत होते.

"नाही."

"आधी तिले दाखवा. मंग पक्कं."

"ती नको म्हणेल, रशीदभाई."

"मंग उत्तर भेटलंच ना."

मी वकिली सुरू केली. नाव बदललंय, गाव बदललंय, बाईंना वाचता येत नाही. ते थांबले माझं संपेपर्यंत.

"अन् पोट्टीले? तिले वाचाले कोनं शिकवलं?"

"मीच."

"बस." थोड्या वेळानं म्हणाले, "ते हिरवं बटन तरी काढा."

मंदा जंगलात जाताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची. सगळी बटणं पांढरी, वरचं एक हिरवं. तो शर्ट पल्लवीनं जपून ठेवला होता, म्हणून मला माहीत होतं.

"वाचून दाखवतो," मी म्हणालो. "बटणही काढतो." पोथीवर हात ठेवायला सांगितला असता तर तोही ठेवला असता. गठ्ठा त्यांच्याकडेच राहिला, माझ्याकडे संगणकावर सगळं होतंच.

नागपूरच्या प्रकाशकांना कादंबरी आवडली. संपादकांचं एकच म्हणणं होतं, ते प्रकरण दुसऱ्या हाकेवर संपवा. बाई परत फिरते तिथे शेवट सैल पडतो. मी वाचून पाहिलं. खरंच, दुसऱ्या हाकेवर थांबलं की अंगावर काटा यायचा. मी ते पान काढलं. बटण काढलं नाही, कारण त्या बटणामुळे मंदा डोळ्यांसमोर उभी राहायची. कौसल्याबाई रोज माझ्यासमोर वावरत होत्या, रोज मला चहा देत होत्या. आज नको, उद्या सांगू, असं करत पुस्तक छापून आलं.

तोवर रशीदभाईंचं नागपूरला ऑपरेशन झालं होतं. अर्धा जबडा गेला, बोलणं गेलं. तोंडावर दुपट्टा बांधून ते पुन्हा दुकानात बसायला लागले, शेजारी नातवाची पाटी ठेवून. चेहरा कोणाला दिसू नये याबद्दल फार जपायचे. पाणीसुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायचे. मी पुस्तक दिलं. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं. नुसतं चिकटवलेलं, शिलाई नाही. मग थेट ते प्रकरण उघडलं, शेवटचं पान उलटलं, परत उलटलं. पाटीवर लिहिलं, 'पान?'

"संपादकांनी काढलं."

त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं आणि हजेरीपुस्तक शिवायला घेतलं. मी चांगला अर्धा तास बसलो. त्यांनी मान वर केली नाही.

पुस्तकाच्या दोन प्रती मी शाळेच्या वाचनालयाला भेट दिल्या होत्या. मोठ्या हौसेनं सही करून. पल्लवी तेव्हा आठवीत होती. वाचनालयातलं तिनं न वाचलेलं पुस्तक उरलं नव्हतं.

तिनं आरडाओरडा केला नाही. तीन दिवस घरी जेवली नाही, चौथ्या दिवशी शर्ट पिशवीत घातला आणि वैनगंगेपलीकडे चामोर्शीजवळ मामाकडे निघून गेली. जाताना कौसल्याबाईंना फक्त विचारलं, "मायनं दोनदा हाक मारली का?" त्या हो म्हणाल्या.

कौसल्याबाई शाळेत आल्या, तांदूळ मोजून टाकला, चूल पेटवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तुमाले सांगतलं होतं, गुरुजी. लेकीले नाई." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी त्या संध्याकाळी मूलला गेलो ते रडवेला होऊनच. रशीदभाईंनी ऐकून घेतलं. मग स्टुलावर चढून फळीवरून माझा जुना गठ्ठा काढला, दोऱ्याचं टोक धरून ओढलं. टाका सर्रकन निघाला. खळीच्या डागाचं ते पान त्यांनी वेगळं काढलं. मी हात पुढे केला तर दिलं नाही. पाटीवर लिहिलं, 'आधी बाई.'

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर गावी आले. कौसल्याबाईंच्या अंगणात मी ते पान वाचलं. दोन वर्षांपूर्वी हेच पाच मिनिटांचं काम होतं. कौसल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डब्यावर दगड बडवल्याची ओळ आली तेव्हा त्यांनी उजवी मूठ डाव्या हातात धरली.

"द्या तिले," त्या म्हणाल्या. "मले माफ कर म्हून नोका सांगू. तुझी माय एकटी नाई मेली, एवढं सांगा."

चामोर्शीच्या बसमध्ये रशीदभाई गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. सुटी पानं, वर-खाली दोन पुठ्ठे. मी म्हटलं, एक पान पुरे होतं, सगळं कशाला आणलं? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

पल्लवी मामाच्या ओसरीत बाजेवर बसून होती. मला पाहून उठली नाही. मी कौसल्याबाईंचा निरोप सांगितला आणि पान दिलं. तिनं वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. पाणी पाजतात त्या जागी तिचं बोट थांबलं.

"हे पुस्तकात काऊन नाई, सर?"

"संपादक म्हणाले की..." मी सुरुवात केली.

माझ्या गुडघ्यावर काहीतरी पडलं. लाल दोरा. रशीदभाई माझ्याकडे बघतही नव्हते, सदऱ्याच्या खिशातून हात बाहेर काढून घेत होते.

"मी काढलं," मी म्हणालो. "त्याच्याशिवाय गोष्ट जास्त चांगली वाटत होती."

"कोनाले?" पल्लवीनं विचारलं.

खरंच विचारत होती ती. तिनं पानाची घडी केली आणि आत निघून गेली. मामींनी आमच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. रशीदभाई भिंतीकडे वळून थोडं पाणी प्यायले, आणि आम्ही निघालो.

पल्लवी अजून परत आलेली नाही. दिवाळीत दोन दिवस येऊन गेली. ते पान कुठे ठेवलंय हे कौसल्याबाईंनी तिला विचारलं नाही, आणि मी कौसल्याबाईंना विचारलं नाही. त्या मला चहा देतात, पण ठेवून जातात, हातात देत नाहीत. मी नवीन काही लिहिलं नाही. हेच पहिलं.

रशीदभाई त्यानंतर महिनाभरात गेले. मला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, चामोर्शीहून परतल्यावर, मूलच्या स्टँडवर. माझी गावाकडची बस लागली होती. ते बाकावर बसले होते आणि एक पान गेल्यामुळे गठ्ठ्यात पुढे-मागे झालेली पानं क्रमानं लावत होते. मी म्हटलं, रशीदभाई, राहू द्या आता, काय करायचंय त्याचं? त्यांनी ऐकलं नाही. मी बसमध्ये चढलो. तेवढ्यात वावटळ आली आणि पानं उडायला लागली. त्यांनी दोन्ही हातांनी गठ्ठा छातीशी धरला. तोंडावरचा दुपट्टा सुटून गळ्यात आला, अर्धा जबडा उघडा पडला. भर स्टँडवर लोक बघत होते. दुपट्टा सावरायला एक हात सोडावा लागला असता. त्यांनी सोडला नाही. माझी बस वळेपर्यंत ते तसेच बसून होते, माझे कागद धरून.